बेणं

१ मार्च १९८७

काल सकाळी मी एका मॅनेजरच्या घरात खुर्चीवर बसून गूळपाणी प्यालो. बाकीचं मागाहून लिहितो, आधी हे. उमरग्याहून सुटलेल्या एस.टी.नं मला मुरुमच्या पुढं फाट्यावर सोडलं. ट्रंक खांद्यावर घेऊन माळ चढलो आणि केंद्राच्या ओट्याखाली चपला काढून उभा राहिलो. इथंच मागं राहणारे मॅनेजर विरुपाक्षप्पा स्वतः बाहेर आले. बनसोडे ना, मग खाली का उभे, आत या की, म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि घरातला पितळी पेला भरून माझ्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. बोटाला बोट लागलं. आमच्या गावात धर्म बदलून तीस वर्षं झाली, तरी हॉटेलात आमची कपबशी खिडकीत वेगळी असते. पाणी जरा कमी गोड होतं. मी घोट घोट करून प्यालो, लवकर संपू नये म्हणून.

जागा चांगली आहे. पूर्वी इथं सहकारी जिनिंग होतं. ते बंद पडल्यावर दूध संघानं त्या इमारतीत विरजणाचं केंद्र काढलं. तुळजापूरकडच्या ज्या शीतकरण केंद्रात मी होतो, तिथं दूध येणंच थांबलं, जनावरं छावणीत गेली. म्हणून माझी इकडं बदली झाली. मला खोली मिळाली आहे. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीत लिंबाची फांदी. विहीर आटली आहे, पण टँकर येतो. माझी बायको मथुरा तिकडं रोजगार हमीवर खडी फोडते आहे. तिला इथं आणता आलं तर बरं होईल, हे येताक्षणी मनात आलं.

केंद्रात आम्ही तिघंच. मॅनेजर, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, मी, आणि काचसामान धुणारी सरदारबी. माझ्या जागेवर आधी तिचा नवरा हनीफ होता. तो आता कुठं असतो, मी सहज विचारलं. ती बाटल्या घासत म्हणाली, कुठं असणार भाऊ, हितंच हाय की.

५ मार्च

काम समजून घेतलं. अप्पा हैदराबादला लस बनवणाऱ्या ठिकाणी होते, त्यामुळं त्यांना यातलं सगळं येतं. आणि सांगतातही मोठ्या मायेनं, मी सातवी शिकलेला आहे हे विसरून.

विरजण म्हणजे जिवंत जंतू. ते लांबच्या गावाला पाठवायचे तर वाटेत नासतात. म्हणून त्यांचं पाणी काढून घ्यायचं. पण पाणी निघून गेलं की जंतूची भिंत आत कोसळते, जसं खांब काढल्यावर माळवद कोसळावं. गोठवलं तर बर्फाचे सुया-काटे भिंती फाडतात. इथं साखर कामाला येते. जंतू आधी साखर घातलेल्या दुधात मुरवायचे. मग सुक्या बर्फात गोठवायचे आणि हवा ओढणाऱ्या पंपाला कुप्या लावायच्या. बर्फ न वितळता उडून जातो. अप्पा म्हणाले, पाणी उठून गेलं की त्याच्या जागेवर साखर बसते, म्हणून घर पडत नाही. सगळं जिथल्या तिथं थांबतं.

सुकवण्याला ते निजवणं म्हणतात आणि पुन्हा पाणी दिलं की उठवणं. मेलं किंवा मारलं हा शब्द इथं वापरायचा नाही, असं त्यांनी हसत सांगितलं. मला ते आवडलं. मी रोज पंचशील घेतो. लहानपणी, आमच्यात नवा धर्म आला तेव्हा, पहिल्या शीलातला ‘पाणातिपाता’ हा शब्द मला पाण्याविषयीचा वाटायचा. कुणाचं पाणी तोडायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता. पाण म्हणजे प्राण, हे पुढं भन्तेंनी समजावलं. पण माझा अर्थ मनातून कधी पुरता गेला नाही.

मागच्या बाजूला एक मोठी खोली आहे, जिनिंगच्या वेळची. दाराच्या फटी मेणकापडानं बुजवल्या आहेत. त्यात बेणं आहे, अप्पा म्हणाले. ओल लागली तर वाया जाईल, म्हणून तिकडं जायचं नाही. उसाचं की हळदीचं, ते मी विचारलं नाही. दुष्काळात बेणं राखणारा माणूस मोठाच म्हणायचा.

१२ मार्च

आज माझ्या हातची पहिली भुकटी तपासली. एका भांड्यात साखर न घालता निजवलेलं विरजण टाकलं, दुसऱ्यात साखरेतलं. सकाळी पाहिलं तर पहिल्या भांड्यात दूध जसंच्या तसं. दुसऱ्यात दही असं लागलं होतं की चमचा उभा राहिला. अप्पांनी पाठीवर थाप मारली. सरदारबी म्हणाली, बनसोडे भाऊंचा हात गोड हाय, आता दह्याला बी साखर लागायची न्हाय. मी पुष्कळ दिवसांनी मोठ्यानं हसलो.

दुपारी अप्पांचा पेला आला. तो रोज येतो. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यावं, ही आपल्याकडची रीतच आहे, पण रोज कोण देतं? सरदारबीला ते देत नाहीत आणि स्वतः माठातलं साधं पाणी पितात, हे आज लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, तुमचं दूध तापवायच्या भट्टीजवळचं काम, तुम्हाला गरज जास्त.

मथुराला कार्ड टाकलं. हमीचं काम संपलं की ये म्हणून लिहिलं. इथं सावली आहे, माणसं चांगली आहेत.

३० मार्च

पाडवा. अप्पांनी दाराला तोरण बांधलं आणि साखरेच्या गाठी टांगल्या. एक माळ मलाही दिली. ती मी खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी पाहिलं तर काळ्या मुंग्यांची रांग भिंतीवरून चालली होती. गाठींपाशी जाईल म्हणून पाहत राहिलो. रांग माळेच्या शेजारून खाली उतरली आणि माझ्या वळकटीत शिरली. उशीच्या अभ्र्याला, डोकं टेकतो तिथं, मुंग्या गच्च चिकटल्या होत्या. अंथरूण झटकलं, उन्हात टाकलं. माळेला एकही मुंगी नाही.

तेल लावल्यामुळं असेल.

१४ एप्रिल

जयंतीला मुरुमला जाऊन आलो. मिरवणूक दुपारी निघाली. ऊन असं की बँडवाल्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. मी पूर्ण रस्ता चाललो, निळा झेंडा माझ्या हातात होता, आणि माझा सदरा कोरडा राहिला. बगलेतसुद्धा घाम नाही.

आबाराव म्हणून एक शिक्षक भेटले, आमच्या नात्यातले. त्यांनी हात हातात घेतला आणि सोडून दिला. बनसोडे, हात हाय का पापड, म्हणाले. पोरं हसली, मीही हसलो. मग त्यांनी रांजणातलं पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावला, पण घोट घशाशी थांबला. तहान नव्हती. सकाळपासून नव्हती. खरं म्हणजे कधीपासून नाही, ते आठवेना. दुष्काळात हे बरंच, माझ्या वाटचं पाणी कुणालातरी मिळेल, असं मी त्यांना म्हणालो. ते हसले नाहीत. डॉक्टरला दाखवा, उमरग्याला चांगले दवाखाने आहेत, म्हणाले.

परत आलो. अंगात थकवा नाही, दुखणं नाही, भूकसुद्धा बेताची. शरीर असं स्वस्थ कधी नव्हतं. आणि मन मात्र जागेवर बसत नाही. खोलीत बसलो की अंगणात जावंसं वाटतं, अंगणात गेलो की दाराची कडी पाहायला परत येतो. कशाची घाई झाली आहे, कळत नाही.

२२ एप्रिल

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो.

अप्पांनी मला न्हाणीपाशी बोलावलं. घंगाळात कोमट पाणी होतं. त्यांनी लाकडी खोक्यातून एक करडू काढलं. पाय पोटाशी दुमडलेले, डोळे मिटलेले, कातडी झाडाच्या सालीसारखी. माझ्या हातात दिलं तर वजन वाळक्या भोपळ्याएवढं. मला वाटलं मेलेलं आहे. अप्पा म्हणाले, निजवलेलं आहे, हनीफनं निजवलं होतं.

पाण्यात ठेवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग एक कान सरळ झाला. कातडीखाली काहीतरी सरकत गेलं, सुरकुत्या भरत गेल्या. डोळा उघडला. मी हात जोडले, खोटं कशाला लिहू. वाटलं, माणसाच्या हातून याहून मोठं पुण्य काय व्हायचं.

करडू उठलं आणि प्यायला लागलं. त्याची आई सरदारबीच्या दावणीला आहे. तिला वास आला असेल, ती दावं ताणून ओरडू लागली. करडानं मान वळवली नाही. ते पीत राहिलं. पोट टम्म झालं तरी पीत राहिलं. मी ओढलं तर दातांनी घंगाळाचा काठ धरला. शेवटी तोंड पाण्यात असतानाच पाय ताणले. मेल्यावरही काही वेळ घशातून घोट जात होते.

अप्पा खिन्न झाले. पाणी अंमळ गार होतं, म्हणाले, आणि एकदम दिलं गेलं. उठवणं हे निजवण्यापेक्षा अवघड. मग मला समजावू लागले. जंतूला साखर बाहेरून लावली तरी थोडंफार भागतं. मोठ्या जिवाचं तसं नाही. त्याच्या प्रत्येक पेशीच्या आतबाहेर ती मुरावी लागते. आपली नेहमीची साखर आत जात नाही. आंबवलेल्या गाळातून एक वेगळी निघते, कमी गोड असते, ती थोडी थोडी महिनोन्‌महिने पाजावी लागते. तेवढं झालं की बर्फ नको, पंप नको, जीव आपोआप सुकत जातो. त्याला काही दुखत नाही, तहानसुद्धा लागत नाही.

हे सांगता सांगता त्यांनी दुपारचा पेला माझ्यापुढं धरला.

मी घेतला. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच मायाळू होता. हातातला पेला तोच. मी प्यालो.

२३ एप्रिल

करडाची गोष्ट वेगळी. माणूस म्हणजे करडू नव्हे.

पेला आला. प्यालो. उद्या नको म्हणेन.

२७ एप्रिल

नको म्हणालो नाही. पहिल्या दिवशी खुर्ची पुढं ओढणारा माणूस आहे. त्याच्या हातचं पाणी मी कोणत्या तोंडानं नाकारू? आमच्या बापजाद्यांनी पाणी मागायला शिकवलं, त्यासाठी लढायला शिकवलं. दिलेलं पाणी परत करायला कुणी शिकवलं नाही. आज पेला खिडकीतून ओतून द्यावा असं ठरवलं होतं. हात खिडकीपर्यंत गेला आणि तोंडाशी आला.

पान उलटायला बोट जिभेला लावतो तर जीभ कोरडी. मनगटावर चिमटा घेतला की कातडी तशीच उभी राहते.

२ मे

काल जेवून अंमळ आडवा झालो होतो. काल म्हणजे कधीचं काल? रोज पान फाडायचं कॅलेंडर पाहिलं, मधले दिवस नाहीत.

जाग आली तेव्हा भर दुपार होती. सरदारबी माझ्याजवळ बसून लिंबाच्या डहाळीनं माझ्या अंगावरच्या मुंग्या झाडत होती. कानातल्या काढत होती, पापण्यांच्या कडेच्या काढत होती. हात सवयीचा होता. मी डोळे उघडलेले पाहून ती दचकली नाही. म्हणाली, उठलात, बरं झालं, म्या म्हनलं तुमी बी गेलात आत.

मी विचारलं, आत कुठं. तिनं कमरेची किल्ली काढली.

३ मे

बेण्याची खोली.

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. उन्हाची एक तिरीप कौलातून येते, तेवढाच उजेड. भिंतीला टेकून माणसं बसली आहेत. ओळीनं, गुडघे छातीशी घेऊन, हात गुडघ्यांभोवती. अंगावर ज्वारीची पोती पांघरलेली, तोंडं उघडी. कुणी सडलं नाही, वास नाही. जुन्या गुळाच्या ढेपेपाशी येतो तसा गोडसर कोंदट दर्प, बस. पहिला सगळ्यांत जुना आहे, डोक्याला कानडी पद्धतीचा रुमाल. तो ईरण्णा, सरदारबीनं सांगितलं, अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात बसलेला. पुढं कामावरचे, गडी, एक टँकरवाला. शेवटी हनीफ.

हनीफच्या शेजारी जागा सोडली आहे. खाली नवं पोतं अंथरलं आहे.

सरदारबीनं त्याच्या भुवयांवरच्या मुंग्या झाडल्या, गळपट्टी नीट केली. मग माझ्याशी बोलली, आवाज न वाढवता. ती म्हणाली, रोज येते भाऊ. मेला असता तर रडले असते, इद्दतीचे चार म्हैने काढले असते, भावाकडं बिदरला गेले असते. कुणी पुसलं असतं तर दुसरं घर बी केलं असतं. आता काय करू? म्या बेवा बी न्हाय अन् सुहागन बी न्हाय. अप्पा म्हणतेत, निजलाय, पावसाला उठंल. सोडून कशी जाऊ? मग म्हणाली, तुमची बायको येनार हाय म्हनं. ती बी अशीच बसंल बघा, डहाळी घिऊन.

मी छातीला हात लावून पाहिला. माझा ठोका लागत होता, फार खोल, फार लांब अंतरानं. मग हनीफच्या छातीला लावला. त्यालाही –

नाही. मला भास झाला असेल.

४ मे

अप्पांना सगळं विचारलं. ते रागावले नाहीत, खुर्ची ओढली. म्हणाले, बनसोडे, तुम्ही समजूतदार, तुम्हाला सांगायचंच होतं. बहात्तरला माझ्या भावाला द्यायला पाणी नव्हतं. मी त्याला मरू दिलं नाही. शेतकरी उपाशी राहतो, पण बेणं खात नाही. माणसांचं बेणं कुणी राखायचं? दुष्काळ पुन्हा पुन्हा येणार. एक दिवस सगळं संपलं की हीच पेरायची.

मी म्हणालो, त्र्याहत्तरला पाऊस झाला. पंच्याहत्तरला झाला, पुढंही झाला. मग तुमच्या भावाला का उठवलं नाही?

त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. पाऊस झाला खरा, म्हणाले, पण भरवसा कुठं होता?

मग म्हणाले, तुमच्या मंडळी येतील तेव्हा त्यांनाही थोडं थोडं देऊ. एकटं कशाला बसायचं.

६ मे

निघालो. फाट्यापर्यंत जायचं, मिळेल ती गाडी धरायची. पायांत कळ नाही, पण पाय वळत नाहीत, काठीसारखे झाले आहेत. बाभळीपाशी बसलो तो उठता येईना. बसल्या बसल्या गुडघे आपोआप छातीशी आले. हातांनी त्यांना वेढा घातला. मी घातला नाही, हातांनी घातला.

अप्पा बैलगाडी घेऊन आले. मला पोरासारखं उचललं. किती हलके झालात, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्या नाही.

७ मे

मथुराचं पत्र. कुणाकडून तरी लिहून घेतलं आहे. बुद्धपौर्णिमेला दुपारच्या गाडीनं येते. हमीचं काम संपलं, हाताचे फोड बरे झाले. तुमच्यासाठी शेंगांची चटणी आणते. इथं पाणी आहे हे ऐकून जीव निवला.

रडू आलं. आलं म्हणजे छातीत आलं. डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

उलट टपाली कार्ड लिहिलं, येऊ नको. ते पोचायला आठवडा. ती त्याआधी निघालेली असेल.

९ मे

आज पेला नको म्हणालो. पहिल्यांदा.

अप्पा हसले. आता नाही घेतलात तरी चालेल, म्हणाले. मुरलं आहे.

१० मे

दवाखान्याचं विचारलं. उमरगा. अप्पांनी समजावलं – तिथं सलाईन लावतील. साधं पाणी एकदम आत गेलं की करडाचं झालं तेच. आता पाणी तुमच्यासाठी विष आहे. बसून राहा. पावसापर्यंत.

पावसापर्यंत म्हणजे कोणत्या?

रोज सकाळी डोळे मिटून बसतो. सगळं जुळलेलं मोडतं, हे भन्तेंनी शिकवलं. पान गळतं, देह पडतो, दुःखाला तिथं उतार मिळतो. इथं काहीच मोडत नाही. ईरण्णाची बायको कोण होती? तिनं किती वर्षं डहाळी हलवली? कुठं गेली ती?

सारखा उठू पाहतो. मनातल्या मनात दाराशी जाऊन येतो. देह बसलेला.

११ मे

सरदारबीशी बोललो. ओठ नीट हलत नाहीत, तिला कान जवळ आणावा लागला.

तिला म्हणालो, मथुरा मला असं बसलेलं पाहील तर जाणार नाही. तिचा स्वभाव मला ठाऊक. अप्पा सांगतील निजले आहेत, ती मानेल. मग पेला पुढं येईल. ती माझ्यापेक्षा जास्त तहानलेली. ती नाही म्हणणार नाही. तिला निदान मेलेला नवरा दे. किंवा जिता. हे मधलं नको.

सरदारबीनं हातातली डहाळी खाली ठेवली. मग म्हणाली, पानी मागताव व्हय भाऊ.

व्हय.

करडाचं बघितलंत न्हवं. म्हणाली.

बघितलं.

१२ मे

तिनं कबूल केलं. तिची एक अट. मी प्यालो आणि जगलो, तर ती हनीफलाही पाजणार. मी मेलो तर – तरीही पाजणार, म्हणाली. पुरे झालं.

म्हणजे माझं पाहून ती ठरवणार नाही. तिनं आधीच ठरवलं आहे. मला हायसं वाटलं. एकट्यानं करायचं नाही.

मी शील मोडतो आहे का – विचार करकरून दमलो. जीव घेणं ते. पण मी जीव घेत नाही, अडवलेला सोडतो. भन्ते असते तर विचारलं असतं. आता मलाच –

मुंग्या. झाडायला हात उचलत नाही. झाडूही नये वाटतं. त्यांना तरी काहीतरी मिळतं.

१३ मे. पौर्णिमा

सकाळ. अप्पा आले. पोतं आतमध्ये अंथरून तयार आहे म्हणाले. संध्याकाळी नेऊ. तुमच्या मंडळींना भेटा आणि मग. मोठ्या मनाचा माणूस. खरंच.

अक्षर नीट येत नाही. बोटं पेनाभोवती वळली आहेत, तशीच राहतात.

त्रिसरण म्हटलं. आवाज नाही. ओठांनीच.

—

दुपार. सरदारबी घागर ठेवून गेली. तांब्या भरून माझ्या डाव्या हातात बसवला. बाहेर कडी लावून घेणार आहे. मीच सांगितलं, जे उठेल ते बाहेर जाऊ नये. मग सरदारबी फाट्यावर जाईल, मथुराला गाठील, इथं चढू देणार नाही. तिला सांगेल, नवरा गेला. तेवढंच. नंतर परत येऊन हनीफ.

ती जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. बहिणीसारखा.

मथुरा फोड बरे झालेले हात घेऊन येते आहे. मी पाहणार नाही.

गाडीचा हॉर्न नाही अजून. वेळ आहे.

भीती वाटते. लिहिलं. आता –

—

प्यालो. सगळा तांब्या.

गार. इतकं गार. घशातून खाली जाताना वाट मोकळी होत गेलेली कळली. काही झालं नाही. मग झालं. पोटात काहीतरी उलगडतं आहे. हात – बोटं सुटली, पेन पडलं, पुन्हा उचललं. उचलता आलं.

कपाळाला घाम. माझा घाम. डोळ्यांतून पाणी येतं आहे, कागदावर पडलं, शाई फुटली. मथुरासाठी. नीट रडू आलं एकदाचं.

ठोका लागतो. जोरात.

हॉर्न. फाट्यावर. आली ती. हाक मारतं आहे कुणीतरी – तिचाच आवाज – माझं नाव – मान वळवतो –

वळत नाही. घागर दिसते नुसती.

तिचा आवाज. नंतर. आधी एक तांब्या

आणखी

आणखी पा